दादाच्या जेवणानंतर

तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात ज्योतीरामच्या घरात भर दिवसा दोन गाद्या पसरलेल्या असत. एक त्याची, म्हणजे चाकणच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाची. दुसरी त्याच्या धाकट्या भावाची, निरंजनची, ज्याने रात्रभर काहीही केलेलं नसे. मध्ये हातभर अंतर, वर एकच पंखा. थेरगावचा बाजार खाली जागा झालेला असे, त्यामुळे ज्योतीरामचा डोळा लागता लागत नसे. निरंजनने डोकं टेकायचा अवकाश, तो घोरू लागे. त्या घोरण्याने ज्योतीरामचं डोकं तापे.

"ह्याला झोप कशाची येती गं?" तो पडल्या पडल्या स्वयंपाकघराच्या दिशेने विचारी.

"मला काय विचारता? भाऊ तुमचा," पिंकी आतून म्हणे.

"मी रात्रभर माल उचलून तपासला. ह्यानं काय उचललं?"

"चहाचा कप. तोबी अर्धाच पिला."

पिंकी त्याची बायको. दोघंही केजच्या बाजूची, लग्नानंतर इथे आलेली. निरंजन नंतर आला, आयटीआय करून. चाकणलाच मशीन ऑपरेटर म्हणून लागला, हातात कसब होतं, साहेब खूश होते. मग त्याला कॉम्प्रेसरच्या आवाजात माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. ती त्याच्याबद्दलच बोलत. पुढे ती घरापर्यंत आली. वहिनी जेवणात काहीतरी मिसळते, असं त्यांनी त्याला सांगितलं आणि एका संध्याकाळी त्याने ते जिन्यात उभं राहून सगळ्या बिल्डिंगला ओरडून सांगितलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. आवाज हळूहळू मागे हटले आणि एके दिवशी निरंजननेच सांगितलं की आता कोणी बोलत नाही. ज्योतीरामने त्या दिवशी डांगे चौकातून पेढे आणले होते.

पण पेढे संपले आणि माणूस तिथेच बसलेला राहिला. अंघोळ कर म्हटलं तर करी, न म्हटलं तर चार दिवस तसाच. मित्रांचे फोन यायचे, याने उचलले नाहीत, मग यायचे थांबले. टीव्हीवर कुकर विकणारा चॅनेल लागला तर दुपारभर कुकरच बघत बसे, रिमोट मांडीवर असून. हसणं गेलं होतं, रडणंही. एकदा पिंकी डाळीत मीठ घालायला विसरली. पहिल्या घासाला ज्योतीरामने ताट सरकवलं. निरंजनने तोवर वाटी संपवली होती.

"अरे, कळलं नाही का तुला?"

"कळलं."

"मग बोलायचं ना."

निरंजनने खांदेसुद्धा उडवले नाहीत. आवाज ऐकणारा भाऊ परवडला, असं ज्योतीरामला कधी कधी वाटे. तो निदान भांडायचा तरी.

ज्योतीरामने मनाशी निदान पक्कं केलं होतं. आजार गेला, आळस राहिला. आणि आळसाचा पुरावा त्याच्याकडे होता. त्याची पहिली शिफ्ट असली, म्हणजे तो संध्याकाळी घरी असला, की त्या आठवड्यात निरंजन सकाळी उठे, दूध आणे, एखाद्या वेळी दाढीसुद्धा करी. तिसरी शिफ्ट आली की संपलं. दिवस दिवस लोळणं. "मी घरात जागा असलो की हा सरळ," तो पिंकीला सांगे. "माझा डोळा लागला की ह्याची मजा. आजारी माणसाला कळतं का, दादाची कुठली शिफ्ट आहे ते? नाटक आहे सगळं."

पिंकी म्हणे, "नाटक करायला तरी उठावं लागतं."

गोळीचा कारभार ज्योतीरामच्याच हातात होता. सुरुवातीला पिंकी गोळी द्यायची. निरंजनने ती दोनदा बेसिनमध्ये थुंकून टाकली, कारण वहिनीच्या हातचं काही घ्यायचं नव्हतं, आणि आजार उलटला. तेव्हापासून गोळ्या कपाटाच्या खणात, खणाला कुलूप आणि चावी ज्योतीरामच्या गाडीच्या किल्लीला. कंपनीत तो क्वालिटीला होता, शंभर टक्के तपासणीचा माणूस. स्वतः जेवायचा, हात धुवायचा, खण उघडायचा, गोळी भावाच्या तळहातावर ठेवायचा. पाणी. मग, "तोंड उघड. जीभ वर कर." त्या दिवसापासून एक गोळी चुकली नव्हती. हे तो भेटेल त्याला सांगे, अभिमानाने.

अशा घरात गणराजने कामाची गोष्ट काढली. गणराज त्यांच्याच भागातला, एके काळी ज्योतीरामच्या खोलीवर राहिलेला. आता भोसरीच्या एमआयडीसीत त्याची पत्र्याची शेड होती. गाड्यांचे रबरी वॉशर पिशव्यांत भरून, पिशवीला सील मारून द्यायचं काम. "पाठव की भाऊ त्याला," तो म्हणाला. "मोठं मशीन नाही, आवाज नाही. बसून काम. महिनाभर बघू, टिकला तर कायम करतो."

ज्योतीरामने निरंजनला समोर बसवून सांगितलं. "ही शेवटची संधी. टिकलास तर इथं. नाही टिकलास तर गावाकडं, आईपाशी. मला आता होत नाही."

पिंकीने नंतर त्याला बाजूला घेतलं. "गावाकडं गोळी कोण देणार? आत्याबाईंना स्वतःची बीपीची आठवत नाही. डॉक्टर अंबाजोगाईला. दोन महिन्यांत भाऊजी परत जिन्यात उभं राहून ओरडतील, तिथल्या."

"मग टिकावं त्यानं. त्याच्या हातात आहे."

निरंजन सोमवारी गेला. ज्योतीरामची पहिली शिफ्ट होती. आठवडा झकास गेला. गणराजचा फोन आला, "पोरगं गप असतं, पण हात बरा हाय. पिशवीत एक वॉशर कमी-जास्त नाही." ज्योतीरामने तो फोन पिंकीला स्पीकरवर ऐकवला, आईला लावून सांगितला. दुसऱ्या आठवड्यात, ज्योतीराम मध्यरात्री परत येई त्या दुसऱ्या शिफ्टला, निरंजन सकाळी जरा उशिरा निघू लागला, पण गेला. मग तिसरी शिफ्ट आली.

मंगळवारी सकाळी ज्योतीराम कंपनीच्या बसने उतरून घरी आला, भाकरी-पिठलं खाल्लं, खण उघडला. निरंजन कामाचे कपडे घालून दारात उभा होता, हातात डबा.

"हं, घे."

निरंजनने गोळीकडे पाहिलं. "आत्ता नको."

ज्योतीरामचा रात्रभराचा शीण एकदम जागा झाला. "कामून नको? परत सुरू झालं का तुझं? काय मिसळलंय ह्याच्यात, सांग बरं?"

"काही नाही."

"मग?"

निरंजनचे ओठ हलले. शब्द आला नाही. त्याने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, आणि न सांगता जीभ वर केली.

त्या दिवशी तो बसमध्ये झोपला आणि भोसरी मागे टाकून शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. कंडक्टरने उठवून उतरवला. बुधवारी ज्योतीरामने त्याला स्वतः मोटारसायकलवर बसवून शेडपर्यंत सोडला. रात्रपाळी करून, लाल डोळ्यांनी, नाशिक फाट्याच्या गर्दीतून. मागे बसलेल्या निरंजनचं डोकं दर सिग्नलला त्याच्या पाठीवर आदळत होतं. "सरळ बस," तो हेल्मेटमधून ओरडत होता, "सरळ बस रे." गुरुवारी गणराजने फोटो पाठवला. वॉशरच्या गोण्यांवर निरंजन आडवा, तोंड उघडं, हातात रिकामी पिशवी. खाली मेसेज: भाऊ, बाकीची पोरं व्हिडिओ काढायलेत. उद्यापासून नको पाठवू, राव.

ज्योतीरामने तो फोटो निरंजनच्या डोळ्यांपुढे धरला. निरंजनने बराच वेळ पाहिला.

"काय वाटतं तुला हे बघून? काही वाटतं का?"

"वाटतं," निरंजन म्हणाला.

"काय वाटतं?"

ज्योतीरामने फोन गादीवर आपटला. मग तोच उचलून आईला लावला आणि रविवारी निरंजनला केजच्या गाडीत बसवतो म्हणून सांगून टाकलं. आई तिकडून म्हणाली, "पाठव बाबा. माझं लेकरू हाय, जड न्हाई मला." त्यावर ज्योतीरामला आणखी राग आला, कारण मग जड कोणाला होतं, हे उघड होतं.

गावी पाठवायचं तर गोळ्यांचा साठा हवा, म्हणून शनिवारी तो निरंजनला घेऊन चिंचवडला डॉक्टर चारुलतांच्या दवाखान्यात गेला. नेहमी बसायचे तसेच बसले. ज्योतीराम डॉक्टरांसमोर, निरंजन शेजारच्या स्टुलावर. आणि नेहमीसारखाच ज्योतीराम बोलला. काम, बस, गोण्या, फोटो.

"मॅडम, तुम्ही एकदा ह्याला सांगा. आजार बरा झालाय, आता फक्त आळस आहे. तुमच्या तोंडून ऐकलं तर ऐकेल."

"असं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "कारण तसं नाही. आवाज थांबतात ते लोकांना दिसतं. पण मन कशातच न लागणं, उठावंसं न वाटणं, बोलायला शब्द न सुचणं, हाही आजारच आहे. हा भाग जास्त चिवट असतो. आवाजांपेक्षा त्यानेच माणसाचं जगणं जास्त अडतं. निरंजन, दिवसा खूप झोप येते?"

"त्याला कायमच..." ज्योतीराम म्हणाला.

डॉक्टरांनी हात वर केला. "थांबा. मी त्याला विचारलंय."

सगळे थांबले. निरंजन टेबलाच्या कडेकडे बघत होता. ज्योतीरामला बाकी सगळं जमे, हे थांबणं जमत नसे. त्याचा गुडघा हलायला लागला. बाहेर कंपाउंडर कोणाचा तरी नंबर पुकारत होता. उत्तर येणार नाही याची ज्योतीरामला खात्री होती आणि डॉक्टरांना मात्र जणू दुसरं काही कामच नव्हतं.

"कधी कधी," निरंजन म्हणाला.

"गोळी कधी घेतोस?"

"रात्रीच मॅडम, जेवणानंतर, तुम्ही सांगितलं तसंच," ज्योतीरामच्या तोंडून निघालंच. "एक चुकलेली नाही. मी स्वतः देतो."

डॉक्टर निरंजनकडेच बघत राहिल्या. मग तो म्हणाला, "दादाच्या जेवणानंतर."

"म्हणजे किती वाजता?"

"ह्या हप्त्यात सकाळी. दादा कंपनीतून आला की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ज्योतीराम समजावू लागला. "म्हणजे कसं आहे मॅडम, तिसऱ्या शिफ्टला आम्ही आल्यावरच जेवतो. तेच आमचं रात्रीचं जेवण. जेवायचं, गोळी द्यायची आणि मग झोपा..." आणि तिथे त्याचं वाक्य आपोआप संपलं.

ज्योतीरामचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

"ह्या गोळीने गुंगी येते," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "म्हणून तर ती रात्रीची. तुम्ही ती सकाळी देऊन त्याला कामावर पाठवत होतात. आणि दर आठवड्याला वेळ बदलत होतात. मीही किती वाजता असं कधी विचारलं नाही, तीही चूक. पण लक्षात घ्या, वेळ सुधारली म्हणून उद्या तो उड्या मारणार नाही. झोप कमी होईल. बाकीचं सावकाश होईल, काही कदाचित होणारही नाही. रोज रात्री नऊला कोण देऊ शकेल?"

"बायको आहे. पण ह्याचा तिच्यावर भरवसा नाही."

"निरंजन, वहिनीच्या हातून घेशील?"

या वेळी त्या कितीही थांबल्या तरी उत्तर आलं नाही.

दवाखान्याबाहेर ज्योतीरामने दोन चहा सांगितले. आपण कोणावर चिडलो आहोत, हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि ते न ठरल्यामुळे तो आणखी चिडला होता.

"तुला माहीत होतं?"

"हां."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. आत्ता नको म्हणालो."

"एवढंच? अरे, मग नीट सांगायचं. एकदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं. भांडायचं माझ्याशी. माझी नोकरी गेली असती तर मी अख्खी कंपनी डोक्यावर घेतली असती."

निरंजनने कप दोन्ही हातांत धरला होता. "दमतो रे दादा," तो म्हणाला. मग, ज्योतीरामने आशा सोडल्यावर, पुढे म्हणाला, "आणि गोळीबद्दल मी काय बोललो की तू जीभ बघतो."

ज्योतीरामने चहाचे पैसे दिले आणि सुट्टे घ्यायचे विसरून गाडीला किक मारली.

घरी पिंकीने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, "कंपनीत एक तुकडा वाकडा निघाला तर पाच वेळा का, का, का विचारता म्हणं. घरी एकदाच विचारता, तेबी वरडून."

"झालं तुझं? आता ऐक. उद्यापासून गोळी तू द्यायची."

"मी नाही."

"पिंके..."

"नाही म्हणजे नाही. मी विष घालते म्हणून भाऊजी जिन्यात वरडले होते. वरच्या सुमनताई अजून माझ्या हातचा प्रसाद घेत नाहीत. ताप आला म्हणतात, उपास आहे म्हणतात. तुम्ही पेढे वाटून मोकळे झाले. मला कोणी विचारलं?"

निरंजन पलीकडच्या खोलीत होता आणि मधे दार नव्हतं, नुसता पडदा. ज्योतीरामने आवाज खाली आणला. "मग काय करू? शिफ्ट बदलून देत नाहीत. उद्या गाडीत बसवू?"

पिंकीने विळी आडवी केली. चिरलेल्या भेंड्या ताटात लोटल्या. "चावी आणा इकडं," ती म्हणाली. "दुसरी बनवून नको. हीच. अर्धं राज्य मला नको."

गाडीच्या किल्लीच्या कडीतून ती छोटी चावी काढताना ज्योतीरामचं नख मोडलं. इतक्या वर्षांत ती कडी कधी उघडलीच नव्हती.

रविवारी केजच्या गाडीची वेळ होऊन गेली. आईला त्याने फोनवर एवढंच सांगितलं की जरा थांब. गणराजला फोन केला तो मात्र लांबला. गणराज म्हणाला, "भाऊ, पहिल्या शिफ्टला तो चांगलाच असतो, ते मी बघितलंय. मला तुझी तिसरी दाखव. त्या हप्त्यात जागा राहिला तर ठेवतो. नाहीतर माझीबी पोरं हायेत, त्यांना काय सांगू?"

ती तिसरी शिफ्ट आली त्या सोमवारी रात्री नऊच्या सुमारास ज्योतीराम कंपनीची बस पकडायला बूट घालत होता. पहिले दोन आठवडे तो रात्री घरी असो वा कामावर, पिंकी गोळी देत होती आणि निरंजन घेत होता, पण दादा घरात असला तर आधी त्याच्याकडे बघून, आणि नसला तर फोनवर त्याचा आवाज ऐकून. आज पिंकीने फोन बंद करून फ्रिजवर ठेवला होता.

तिने गोळी पुढे केली. निरंजनने दादाकडे पाहिलं.

"तिकडं काय बघता, भाऊजी? तिकडं गोळी नाही."

निरंजनने पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ घरात तिघांनाही कळत होता. ज्योतीराम बूट हातात घेऊन तसाच थांबला. इतक्या दिवसांनी का होईना, पिंकी आता ओरडणार आणि तिचं काही चुकणार नाही, असं त्याला वाटलं.

पिंकीने पेला उचलला, अर्धा घटाघटा प्यायली, उरलेला त्याच्यापुढे धरला. "घ्या. मी मेले तर उद्यापासून तुमच्या दादाच्या हातच्या भाकरी. त्या खाऊन तसंबी मरालच."

निरंजन हसला नाही. गोळी तोंडात टाकली, उरलेलं पाणी प्यायला.

"जीभ..." ज्योतीराम म्हणाला.

"तुम्ही जावा. बस चुकंल," पिंकी म्हणाली आणि पेला घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीराम परत आला तेव्हा घरात एकच गादी पसरलेली होती आणि तीही निरंजनची. पांघरुणाचा बोळा, पंखा सुरू, उशीवर ओला टॉवेल. कप अर्धा. भाऊ नव्हता. पिंकी खाली बाजारात निघायच्या घाईत होती. "गेले साडेसातला. मी दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा स्वतः उठले." आणि मग दोघांचीही नजर एकदमच ओट्यावर गेली. डबा तिथेच होता.

ज्योतीरामने एक शिवी दिली, जी कोणालाच उद्देशून नव्हती. रात्रभर उभं राहून पाय गळून गेले होते, पिठलं ताटात वाढलेलं होतं. त्याने डबा हँडलला अडकवला आणि निघाला. दर सिग्नलला त्याला भावाबद्दल नवीन काहीतरी सुचत होतं, जे तो पोचल्यावर तोंडावर सुनावणार होता. डबा विसरतो. पंखा बंद करत नाही. ओला टॉवेल उशीवर. जगात असा माणूस नाही.

शेडच्या दारात गणराज भेटला. "जागा हाय," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या निम्म्या पिशव्या होतात. पण जागा हाय."

निरंजन खिडकीखालच्या बाकावर बसला होता. वॉशर मोजायचा, पिशवीत सोडायचा, सील मारायचा. मग थोडा थांबायचा, जणू पुढची पिशवी उचलायची की नाही यावर त्याला दर वेळी नव्याने विचार करावा लागत होता. मग उचलायचा. ज्योतीरामने डबा त्याच्यापुढे आदळला.

"घे. नोकर आहे ना मी तुझा."

निरंजनने डब्याकडे पाहिलं. हात पुसले. आता उघडून बघेल, नाहीतर तसाच बाजूला सारील, म्हणून ज्योतीराम वळलाच होता.

"दादा."

"काय?"

सीलच्या मशीनचा दिवा लाल झाला, मग हिरवा. ज्योतीरामने जांभई दाबली आणि थांबला.

"काल भेंडीत मीठ कमी होतं. वहिनीला सांग."

"तूच सांग तिला," ज्योतीराम म्हणाला. "मी निरोप्या नाही. मला झोपायचंय."